जुळणी आणि जबाबदारी

‘फादरांनी स्वतः संगणक तयार केला’ हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी आमच्या धर्मग्रामात अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. पाहुण्यांना कार्यालय दाखविताना कुणी तरी ते हमखास उच्चारतो. ते कानांवर पडले की मला शनिवार पेठेतील एका वाड्याची खोली आठवते आणि मी ओशाळतो. हे ओशाळणे विनयाचे नाही. त्यामागे एक प्रसंग आहे, आणि त्या प्रसंगातून निघालेला एक प्रश्न आहे. तो मला पुरता सुटला आहे असे मी म्हणणार नाही. परंतु वाचकांपुढे तो मांडावा, असे बरेच दिवस मनात होते.

कार्यालयातील जुना संगणक त्या वर्षी पावसाळ्यात कायमचा बंद पडला. जन्म-बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम नुकतेच हाती घेतले होते. अशा नोंदी ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये घालून दिला. तेव्हापासून शाई, वाळवी आणि पावसाचे पाणी यांच्याशी धर्मगुरूंचे जे युद्ध चालू आहे, त्यातील मी एक शिपाई. नवा तयार संगणक घेण्यास पैसे अपुरे होते. तेव्हा धर्मग्रामातील एक तरुण म्हणाला, ‘‘फादर, सुटे भाग आणून जोडू या. कमी पैशांत चांगला होईल.’’ तरुणाला पुढे बंगळूरला नोकरी लागली आणि भागांची यादी तेवढी माझ्या हाती राहिली.

ती यादी घेऊन मी शनिवारात गेलो. ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या वाड्यात एक काका संगणक दुरुस्त करीत. पंचाहत्तरीच्या घरातले हे गृहस्थ मूळचे छापखान्यातील जुळारी. शनिवार, नारायण आणि सदाशिव या पेठांत एके काळी पावला-पावलावर छापखाने होते. त्यांतल्या एकात विसाव्या वर्षापासून त्यांनी शिशाचे खिळे जुळविले. पुढे संगणकावरची अक्षरजुळणी आली आणि छापखान्याने खिळे मोडीत काढले. काकांनी मात्र हट्टाने त्या नव्या यंत्राचेच पोट उघडून ते शिकून घेतले. त्यांच्या खोलीत अजून खिळ्यांचे एक लाकडी खण आहे. त्यात आता स्क्रू ठेवलेले असतात.

काका म्हणाले, ‘‘फादर, मी जोडून देईन, पण मग तो माझा होईल. तुमचा हवा असेल तर तुम्हीच जोडा. मी शेजारी बसतो.’’

मला हे बोलणे फार आवडले. नगर रस्त्यावरील गुरुविद्यालयात आम्ही सात-आठ वर्षे जे शिकलो, त्यात हातांना काम फारच थोडे होते. पुस्तक उघडावे, पुस्तक मिटावे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हातांनी काही घडवावे, या कल्पनेने मी मुलासारखा हरखलो.

ज्यांनी हे काम कधी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मदरबोर्ड ही एक मोठी पाटी असते आणि बाकी सारे तिच्यावर बसते. तिच्या मध्यभागी प्रोसेसरसाठी चौकोनी सॉकेट असते. आमच्या यादीतील सॉकेटात केसाएवढ्या बारीक 1700 पिना होत्या. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण कोरलेला असतो. तो सॉकेटावरील त्रिकोणाशी जुळवून प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा असतो. दाबायचा नाही, सरकवायचा नाही. तो आपल्या वजनानेच बसतो. मग लोखंडी पट्टी लावून तरफ खाली घ्यायची. त्याच्या पाठीवर वाटाण्याएवढी उष्णतावाहक पेस्ट आणि तिच्यावर पंखा. रॅमच्या पट्टीला मात्र अंगठ्याने जोर द्यावा लागतो, ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत. म्हणजे एकाला अजिबात जोर द्यायचा नाही आणि दुसऱ्याला भिऊन सोडायचे नाही. कुठे हात हलका ठेवावा आणि कुठे जोर लावावा, हे पुस्तकाने कळत नाही. माणसांशी वागतानाही मी या बाबतीत अनेकदा चुकलो आहे.

अंगावरील स्थिर विजेने नाजूक चिप जळू शकते, म्हणून काकांनी आधी मला कॅबिनेटच्या धातूला हात लावावयास सांगितले. मग त्यांनी सॉकेट दाखविले, त्रिकोण दाखविला आणि म्हणाले, ‘‘थांबा, दूध घेऊन येतो. मी आल्यावर बसवू.’’

मी थांबलो नाही. पाच मिनिटे थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. काका येतील तो प्रोसेसर बसलेला असेल आणि ते कौतुकाने पाहतील, असे काहीसे मनात आले असावे. मी प्रोसेसर चिमटीत धरला. चश्म्याच्या खालच्या भागातून पाहावे की वरच्या, या घोळात तो थोडा तिरका उतरला. कोपरा टेकला, आणि बोटांना अगदी सूक्ष्म अशी घसट जाणवली. मी तो उचलून पुन्हा नीट ठेवला, पट्टी लावली, तरफ ओढली. काका आले तेव्हा म्हणालो, ‘‘बसवला.’’ ते म्हणाले, ‘‘वा!’’

संध्याकाळपर्यंत सारे जोडून झाले. बटण दाबले. पंखे फिरू लागले, दिवा लागला. पडदा मात्र काळाच राहिला. रॅम काढून पुन्हा बसविली, वीजपुरवठ्याच्या सगळ्या तारा तपासल्या, तरी तेच. शेवटी काकांनी प्रोसेसर उचलला, भिंग लावून सॉकेटात पाहिले आणि भिंग माझ्या हाती दिले. एका कडेच्या तीन पिना शेतात आडव्या झालेल्या ज्वारीच्या ताटांसारख्या निजल्या होत्या.

काका एवढेच म्हणाले, ‘‘आधीच होत्या की आत्ता झाल्या, मला ठाऊक नाही. मी इथं नव्हतो.’’

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड घेऊन मी पायीच, शनिवारवाड्यावरून, बुधवारातील दुकानाकडे निघालो. ज्या वाड्याच्या धन्याने, सवाई माधवराव पेशव्यांनी, 1792 मध्ये पुण्यातील पहिल्या कॅथॉलिक ख्रिस्तमंदिरासाठी जागा दिली, त्याच्या दिल्ली दरवाज्यासमोरून जाताना माझ्या मनात फक्त सात हजार रुपयांचा हिशेब चालला होता. पैसे माझे असते तर गोष्ट निराळी. ते धर्मग्रामाचे होते. कुणाच्या घरकामाच्या पगारातून, कुणाच्या पेन्शनमधून आलेले. ते माझ्या उतावीळपणापायी का बुडावेत? इतका सात्त्विक विचार सोबतीला असला म्हणजे मनुष्य कोणत्याही गल्लीत निर्धास्तपणे शिरतो.

दुकानातील मुलगा भला होता. त्याने पिना पाहिल्या, पावती पाहिली आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, ‘‘फादर, दोनच दिवस झालेत. डबा उघडला तेव्हाच अशा होत्या, एवढंच म्हणा. मी बदलून घेतो. तुम्ही म्हटल्यावर कोण विचारणार?’’

मी म्हणालो, ‘‘डबा उघडला तेव्हा पिना कशा होत्या, ते मी नीटसं पाहिलं नव्हतं.’’

या वाक्यातील शब्द न् शब्द खरा होता. त्याने मान डोलावली, एक चिठ्ठी लिहिली आणि चार दिवसांनी येण्यास सांगितले.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला या प्रकाराचे नावही शिकविले होते. बोलणारा वाक्याचा अर्धा भाग मनात राखून ठेवतो आणि ऐकणाऱ्याची फसगत होऊ देतो. हा मनोगत राखून बोलण्याचा मार्ग सतराव्या शतकातील काही पंडितांनी फार बारकाईने आखला होता. पोप इनोसंट अकरावे यांनी 1679 मध्ये त्यातील उघड लबाडीच्या मतांचा निषेध केला. परीक्षेत या प्रश्नाला मला उत्तम गुण मिळाले होते. पण अप्पा बळवंत चौकापर्यंत आलो तेव्हा मला छळत होते ते दुसरेच. माझे वाक्य खरे होते. पण ते मी निवडले होते, कारण त्यामुळे दोष कुणा तरी न दिसणाऱ्या माणसाच्या पदरात जाऊन पडत होता. दूर कुठल्या तरी कारखान्यात हे बोर्ड तपासून डब्यात भरणारी एखादी बाई असेल. तिचे नाव मला कधी कळणार नाही आणि माझे तिला. तिच्या खात्यावर मी तीन पिना मांडून आलो होतो.

शिवाय ‘मी पाहिले नव्हते’ ही सबब तरी कितपत टिकते? पाहणे माझे कर्तव्य नव्हते काय? अज्ञानाचे दोन प्रकार थॉमस अक्वायनस यांनी नीट वेगळे केले आहेत: एक, जे माणसाला दूर करताच येत नाही, आणि दुसरे, जे थोड्या श्रमाने दूर झाले असते पण त्याने होऊ दिले नाही. पहिल्याने दोष मिटतो. दुसरे हाच मुळी एक दोष असतो. माझ्या बोटांना ती घसट जाणवली होती. प्रोसेसर पुन्हा उचलून मी खाली पाहू शकलो असतो. पाहिले नाही, कारण काय दिसेल याची मला भीती होती.

मी मागे वळलो. मुलाला म्हणालो, ‘‘पिना माझ्याच हातून वाकल्या. ती चिठ्ठी फाडून टाका.’’ तो रागावला नाही; पण त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी विसरलेलो नाही. त्याने माझ्यावर उपकार करू पाहिला होता आणि मी त्याला जणू चोरीच्या जागी पकडल्यासारखे केले होते. खरे बोलण्याची ही बाजू आपण प्रवचनांत क्वचितच सांगतो. उशिरा बोललेल्या खऱ्याची किंमत पुष्कळदा तिसराच माणूस मोजतो.

(त्याच मुलाने आधी ‘विंडोज टाकून देतो, पैसे नकोत’ असेही सुचविले होते. ते मात्र मी तत्काळ नाकारले आणि लिनक्स ही मुक्त प्रणाली घेतली. आज्ञावलीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हा आपल्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. त्या नकाराचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला. मोठा दरवाजा मी असा नीट लावून घेतला. चोर खिडकीतून आला.)

बोर्ड घेऊन पुन्हा काकांकडे गेलो आणि सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि खणातून एक चिमटा काढला. जुळलेल्या मजकुरातून चुकीचा खिळा उपटून काढण्यासाठी जुळारी वापरीत, तो. भिंगाखाली त्यांनी एकेक पीन सुमारे तासभर सरळ केली. त्यांचा हात या वयातही हलत नाही. काम करता करता ते म्हणाले, ‘‘आमच्याकडे बरं होतं. चूक झाली की मुद्राराक्षस. म्हणजे लेखकाची नाही, मालकाची नाही, माझीही नाही. राक्षसाची! पण मालकानं एकदा पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र लावलं, आणि त्यातल्या अकरा चुका माझ्या होत्या, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नव्हतं.’’

संगणक सुरू झाला. सात हजार वाचले. मात्र पैसे वाचल्यामुळे प्रश्न सुटला असे मी मानीत नाही. पिना सरळ झाल्या नसत्या तर ती रक्कम माझ्या खिशातून भरणे मला भाग होते, आणि ते मी कुरकुरत केले असते.

खरा प्रश्न पुढच्या रविवारी उभा राहिला. मिस्सेनंतर मंडळी कार्यालयात आली, पडदा उजळलेला पाहिला आणि म्हणाली, ‘‘फादर, तुम्ही स्वतः बनवला?’’ मी म्हणालो, ‘‘हो.’’ रात्री या एका अक्षराने माझी झोप उडविली. मी काय बनविले होते? प्रोसेसर नाही, बोर्ड नाही, एक स्क्रूसुद्धा नाही. संगणकांच्या आणि मोबाइलच्या सूक्ष्म संधारकांत टॅन्टलम नावाचा धातू लागतो. त्याच्या खनिजाचा मोठा वाटा काँगोच्या खाणींतून येतो आणि तेथे माणसे हातांनी माती उकरून ते काढतात. खाणीपासून बुधवार पेठेपर्यंत किती हात लागले असतील याची गणती नाही. त्या साऱ्यांचे श्रेय मी ‘हो’ म्हणून एका घासात गिळले. आणि ज्या एकाच गोष्टीत माझ्याखेरीज कुणाचाही हात नव्हता, त्या तीन पिना, ती मात्र मी त्याच न दिसणाऱ्या हातांकडे ढकलू पाहत होतो. श्रेय सगळ्यांचे असते तेव्हा मी ते एकट्याचे करतो. चूक एकट्याची असते तेव्हा ती सगळ्यांची करतो. पापनिवेदनाला बसल्यावर इतरांकडून मी हेच ऐकत आलो आहे. स्वतःचे ऐकावयास शनिवारात जावे लागले.

बंगळूरच्या त्या तरुणाला फोनवर हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘फादर, मग जगात कुणीच काही बनवलं नाही असं म्हणावं लागेल. प्रत्येकजण जोडतोच.’’

त्याचा आक्षेप हलका नाही. मी गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकत होतो त्या काळी, 1991 मध्ये, पुण्यातील ‘सी-डॅक’ने परम 8000 हा महासंगणक सिद्ध केला. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तेवढ्या ताकदीचा क्रे महासंगणक देण्यास नकार दिला होता. त्यानंतर 1988 मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत काम उभे राहिले. आम्हां विद्यार्थ्यांनाही त्या बातमीने अभिमान वाटला होता. पण त्या यंत्राच्या पोटात ज्या ट्रान्सप्यूटर चिप होत्या, त्या इंग्लंडातील इन्मॉस कंपनीच्या होत्या. मग परम आपला नव्हे काय?

मागे जाऊन पाहिले तर आपल्या घरातच याहून जुने उदाहरण सापडते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. लिहिणारा जन्माने इंग्रज, छापण्याची कला युरोपातून आलेली, अक्षरे परकी. तरीही ते पुराण मराठी नाही असे कोण म्हणेल? ॲरिस्टॉटलने हाच मुद्दा अक्षरावरूनच मांडला आहे. ‘बा’ या उच्चारात ब आणि आ हे दोन घटक असतात; पण नुसते ब आणि आ शेजारी ठेवले म्हणजे ‘बा’ होत नाही. घटकांहून वेगळे असे काही तरी त्यात असते, जे त्यांना ढीग होऊ देत नाही. जिस्ट कार्डाच्या रूपाने ज्यांनी देवनागरीला संगणकाच्या खाचेत बसविले, त्या कानपूर आणि पुण्याच्या संशोधकांना हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज पडली नसती. अर्धा र कुठे चढवावा आणि कुठे उतरवावा, यातच त्यांचे दिवस गेले असतील.

तेव्हा त्या तरुणाला मी पुढे असे कळविले, आणि आजही माझे मत तेच आहे: जोडणाऱ्याचा हक्क भागांवर नसतो, पण समग्रावर असतो, आणि तो हक्क त्याला जोडल्यामुळे मिळत नाही, उत्तरदायी झाल्यामुळे मिळतो. परम चालला नसता तर जगाने इन्मॉसला हसून सोडले नसते; हसू पुण्याचे झाले असते. ते हसू पत्करण्याची तयारी ज्यांनी आधी दाखविली, त्यांना नंतर ‘आमचा’ म्हणण्याचा अधिकार मिळाला. क्रिस्तपुराणातील प्रत्येक ओवीबद्दल स्टीफन्स यांनाच जाब द्यावा लागला असता, ते खिळे पाडणाऱ्याला नव्हे. माझ्या बाबतीत, दुकानात ती चिठ्ठी लिहून घेतली त्या क्षणी संगणक ‘माझा’ राहिला नव्हता. काकांचे पहिले वाक्य मला तेव्हा कळले.

त्याने उत्तर पाठविले, ‘‘आणि काँगोचे काय?’’ येथे माझे उत्तर अडते. उत्तरदायित्वाने मी संगणकावर ‘माझा’ म्हणू शकतो. पण त्यामुळे खाणीतल्या माणसाचे देणे फिटत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या श्रमविषयक परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक कल्पना मांडली आहे: श्रमिकाला जो थेट कामाला लावीत नाही, पण ज्याच्या वागण्याने त्याच्या श्रमाच्या अटी ठरतात, तो. ती कल्पना त्यांनी प्रामुख्याने राष्ट्रे आणि संस्था यांना लावली. स्वस्तात सुटे भाग शोधीत बुधवारात हिंडणारा धर्मगुरू तिच्यात कितपत बसतो, हे मी अजून पडताळून पाहत आहे. तूर्त एवढेच करतो की ‘स्वतः बनवला?’ असे कुणी विचारले तर ‘जोडला’ म्हणतो. लोकांना तो विनय वाटतो आणि ते अधिकच कौतुक करतात.

नोंदवह्यांचे काम आता निम्म्यावर आले आहे. काकांनी पिना सरळ केल्या, तरी त्यांतली एक कुठे तरी पुरती टेकत नसावी. कारण बोर्डावर रॅमच्या दोन खाचा आहेत आणि दुसऱ्या खाचेत पट्टी घातली तर यंत्र ती ओळखत नाही. काम थोडे संथ चालते. वेदीसेवकांपैकी एक मुलगा नोंदी भरावयास शनिवारी येतो. त्याने परवा झाकण उघडून पाहिले आणि विचारले, ‘‘फादर, ही खाच रिकामी का?’’ मी त्याला बसविले आणि पहिल्यापासून सांगितले.